कन्व्हर्ट केलेल्या फाइलमध्ये फॉन्ट मिसिंग? आधी नाव शोधा, मग बदला

फाइल कन्व्हर्ट केली, उघडून बघितलं तर चार पानांचा मजकूर पाच पानांवर गेलाय, टेबलच्या ओळी खाली सरकल्यात, बुलेटच्या जागी रिकामे चौकोन आलेत, नाहीतर उघडता उघडताच मेसेज येतो की अमुक फॉन्ट सापडला नाही. अशा वेळी हात लगेच कंट्रोल-ए कडे जातो, सगळं सिलेक्ट करायचं आणि एकच फॉन्ट लावून मोकळं व्हायचं. तेवढं मात्र करू नका. सिम्बॉल नावाचा फॉन्ट लावून कोणी ग्रीक अक्षरं टाइप केली असतील तर अल्फाच्या जागी नुसता इंग्रजी ए उरतो, आणि दोनशे पानांच्या फाइलमध्ये कुठला ए खरा आणि कुठला अल्फा होता हे नंतर कोण सांगणार? म्हणून आधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा आणि मगच पुढे जा.

मुळात होतं काय, तर डॉक, डॉकएक्स, ओडीटी, आरटीएफ या फाइल्समध्ये सहसा फॉन्ट नसतोच, फक्त त्याचं नाव असतं. त्या नावाचा फॉन्ट मशीनवर नसला की प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने दुसरा लावतो, त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असते, त्यामुळे ओळ भलतीकडे तुटते आणि मग पानंही सरकतात. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुतेक वेळा आतच भरलेला असतो, त्यामुळे तीच फाइल पीडीएफमध्ये नीट दिसते आणि वर्डमध्ये बिघडते.

तर पहिलं काम म्हणजे कुठलं नाव सापडत नाहीये ते शोधणं. विंडोजवरच्या वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड, तिथे खाली स्क्रोल करत 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागात या, तिथे 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' नावाचं बटण आहे. दाबलं की डावीकडे नसलेले फॉन्ट आणि उजवीकडे त्यांच्या जागी सध्या काय लावलंय याची यादी येते. सगळे फॉन्ट असतील तर तसा मेसेज येतो, म्हणजे भानगड दुसरीकडे आहे. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये मजकुरात कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या बॉक्सकडे बघा, नाव तिरकं दिसत असेल तर तो फॉन्ट मशीनवर नाही. यातलं काहीच हाताशी नसेल तर डॉकएक्स ही खरं तर झिप फाइल असते, कॉपीचं एक्स्टेन्शन झिप करून उघडा, वर्ड फोल्डरमध्ये फॉन्टटेबल नावाची एक्सएमएल फाइल सापडेल, त्यात नावं लिहिलेली असतात. फक्त त्या यादीतलं प्रत्येक नाव मजकुरात वापरलेलं असेलच असं नाही, त्यामुळे यादी लांबलचक दिसली तरी घाबरू नका.

नावं मिळाली की ती नीट वाचा, कारण निम्म्या वेळा उत्तर नावातच असतं. पीडीएफवरून वर्ड केलेल्या फाइलमध्ये 'एरियलएमटी' किंवा 'टाइम्सन्यूरोमनपीएसएमटी' अशी नावं येतात, ही त्याच एरियल आणि टाइम्स न्यू रोमनची फॉन्टच्या आत लिहिलेली तांत्रिक (पोस्टस्क्रिप्ट) नावं आहेत, म्हणजे फॉन्ट तुमच्याकडे आहे, फक्त नाव जुळत नाहीये. कधी नावाच्या आधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसतं, ते पीडीएफमध्ये फॉन्टचा फक्त वापरलेला तुकडा भरला होता त्याची खूण आहे, ते सोडून पुढचं नाव वाचायचं. अशा ठिकाणी काहीही डाउनलोड करायची गरज नाही, नुसतं नाव बदललं की काम झालं.

खरंच फॉन्ट नसेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तोच फॉन्ट इन्स्टॉल करणं. वर्डमध्ये 2007 पासून कॅलिब्री डिफॉल्ट होता, 2023 पासून त्याच्या जागी ॲप्टॉस यायला लागला, त्यामुळे नव्या वर्डमधली फाइल जुन्या ऑफिसवर उघडली की हमखास ॲप्टॉस मिसिंग दिसतो, तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डाउनलोड करता येतो. विंडोजवर फॉन्टवर राइट क्लिक केलं की 'इन्स्टॉल' आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' असे दोन पर्याय दिसतात, दुसरा घ्या, कारण पहिल्याने फॉन्ट फक्त तुमच्या यूजरपुरता बसतो आणि मागे चालणारी कन्व्हर्ट करणारी सर्व्हिस दुसऱ्या यूजरवर असेल तर तिला तो दिसतच नाही. इन्स्टॉल झाल्यावर वर्ड पूर्ण बंद करून परत उघडा.

तोच फॉन्ट मिळत नसेल तर समान मापाचा घ्या, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काही फॉन्ट मुद्दाम असे बनवलेत की प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच आहे, दिसायला थोडे वेगळे पण ओळी आणि पानं जागच्या जागी राहतात. कॅलिब्रीसाठी कार्लिटो, कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू यांच्यासाठी अनुक्रमे लिबरेशन सॅन्स, लिबरेशन सेरिफ, लिबरेशन मोनो. सगळे फुकट आहेत. उगाच दिसायला जवळचा वाटतो म्हणून भलताच फॉन्ट लावण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

आता बदलायचं कसं. वर्डच्या त्याच फॉन्ट सब्स्टिट्यूशनच्या खिडकीत नसलेलं नाव निवडा, खाली बदली फॉन्ट द्या आणि ओके करा, हे फक्त दाखवण्यापुरतं आणि प्रिंटपुरतं असतं, फाइलमधलं नाव तसंच राहतं, म्हणजे फाइल परत मूळ मशीनवर गेली की मूळ फॉन्ट दिसतो. फाइल परत पाठवायची असेल तर हेच ठेवा. 'कन्व्हर्ट परमनंटली' दाबलं तर फाइलमधलंच नाव बदलतं, ते फाइल कायमची तुमच्याकडे राहणार असेल तरच. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, फॉन्ट्स इथे रिप्लेसमेंट टेबल आहे, आधी वरची टिक लावा, मग मूळ नाव टाइप करा (लिस्टमध्ये नसलं तरी टाइप करता येतं), बदली फॉन्ट निवडा आणि बरोबरच्या खुणेचं (✓) बटण दाबा. नावं कायमची बदलताना जमेल तेवढं स्टाइलमध्ये बदला, नॉर्मल आणि हेडिंगच्या स्टाइल मॉडिफाय केल्या की बहुतेक मजकूर सुधारतो, आणि उरलेलं फाइंड अँड रिप्लेसने, शोधायचा शब्द रिकामा ठेवून फॉरमॅटमध्ये फॉन्टचं नाव देऊन. हेडर, फूटर, टेक्स्टबॉक्स आणि तळटीपा मात्र डोळ्यांनी तपासा.

देवनागरी मजकुराचं थोडं वेगळं आहे. वर्डमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, फॉन्ट या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, त्यामुळे वरच्या बॉक्समधून कितीही फॉन्ट बदलले तरी मराठी अक्षरं कधी कधी ढिम्म हलत नाहीत. कंट्रोल-डी दाबा आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खाली मंगल, निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी द्या. तो भाग दिसत नसेल तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी ॲड करा. लिब्रेऑफिसमध्ये यालाच सीटीएल म्हणतात.

पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर वरचा एकही उपाय चालणार नाही. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट, डीव्हीबी-टीटी सुरेख वगैरे जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत खरंच इंग्रजी कोडच असतात, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. तिथे मंगल लावून काही होत नाही. वाचण्यापुरतं हवं असेल तर तोच जुना फॉन्ट इन्स्टॉल करा, कायमचं हवं असेल तर त्याच फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर (जुने कोड खऱ्या देवनागरी अक्षरांच्या कोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) वापरा, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी आहे. मध्ये मध्ये खरा इंग्रजी मजकूर असेल तर तो वगळून तुकड्या-तुकड्याने करा, नाहीतर इंग्रजी शब्दांचंही भलतंच मराठी होईल. झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या'सारखी जोडाक्षरं वाचून बघा, चुका बहुतेक तिथेच राहतात.

वर्डपरफेक्ट या वर्डसारख्याच प्रोग्रॅमवरून आलेल्या जुन्या फाइल्समध्ये असाच प्रकार होतो. अवतरण चिन्ह उघडायच्या जागी कॅपिटल ए, बंद करायच्या जागी ईमेलमधलं ॲट चिन्ह आणि ॲपॉस्ट्रॉफीच्या जागी बरोबरचं (=) चिन्ह दिसलं की समजा 'डब्ल्यूपी टायपोग्राफिकसिम्बॉल्स' हा फॉन्ट मिसिंग आहे. इथे फाइंड अँड रिप्लेस करताना तो फॉन्ट फॉरमॅटमध्ये द्यायलाच हवा, नाहीतर फाइलमधला प्रत्येक ए अवतरण चिन्ह होईल.

पुढे कोणाला फाइल देताना हा त्रास नको असेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' ला टिक करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच भरला जातो. समोरच्याला एडिट करायचं असेल तर 'फक्त वापरलेली अक्षरं' हा पर्याय घेऊ नका. लिब्रेऑफिसमध्ये हेच फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे आहे. काही फॉन्टचं लायसन्स एम्बेड करू देत नाही, विंडोजमध्ये फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली 'फॉन्ट एम्बेडेबिलिटी' लिहिलेलं असतं, तिथे रिस्ट्रिक्टेड असेल तर पीडीएफमध्येही तो जाणार नाही, दुसरा फॉन्ट घ्या. गूगल डॉक्समध्ये तर स्वतःचा फॉन्ट अपलोडच करता येत नाही, तिथे 'मोअर फॉन्ट्स'मध्ये असलेलाच चालतो.

सर्व्हरवर आपोआप पीडीएफ बनवणाऱ्यांना हा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त येतो, कारण प्रोग्रॅम ज्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या गरजेपुरत्या छोट्या, वेगळ्या सिस्टिममध्ये) चालतो त्यात फॉन्ट जवळजवळ नसतातच आणि लिब्रेऑफिस काही एरर न देता भलता फॉन्ट लावून फाइल तयार करतं. लिनक्सवर एफसी-मॅच कमांडला फॉन्टचं नाव दिलं की त्याच्या जागी काय येणार ते कळतं, हवे ते फॉन्ट टाका, फॉन्टची यादी ताजी करणारी एफसी-कॅश कमांड चालवा आणि मगच कन्व्हर्ट करा. तयार झालेली पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजचा फॉन्ट्स टॅब बघा, प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असायला हवं, ज्याच्यापुढे नाही तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर परत गायब होणार.