दाबोळी की मोपा? विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

मुंबई ते गोवा अंतर किती? एक जण ४२५ किलोमीटर सांगतो, दुसरा ३९०, तिसरा थेट सहाशेच्या जवळ नेतो. तिघंही खरं बोलतात. ४२५ हे गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर, ३९० नव्या मोपा विमानतळापर्यंतचं आणि तिसरा आकडा रस्त्याचा. जानेवारी २०२३मध्ये मोपाहून विमानं सुटू लागली, तेव्हापासून नुसतं ‘गोवा’ म्हणून भागत नाही. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मडगावच्या माणसाने हे न बघता स्वस्तातलं तिकीट काढलं, तर जुवारी आणि मांडवी या नद्या ओलांडून पार पेडण्यापर्यंत जायची तयारी ठेवावी. सावंतवाडीकरांचं नेमकं उलटं.

अंतर स्वतः काढणार असाल तर अक्षांश-रेखांश जपून भरा. दाबोळीचा अक्षांश १५ अंश २३ मिनिटं. तो १५.२३ असा टाकला की फसलात. मिनिटांना ६०ने भागायचं असतं, म्हणून बरोबर आकडा १५.३८. एवढ्याशा चुकीने विमानतळ सतरा किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि धावपट्टी वार्क्यासमोरच्या समुद्रात जाते! उत्तर मैलांत आलं तर मैल कुठला तेही बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, विमानवाले वापरतात तो सागरी मैल १.८५२चा.

खरी गफलत होते ती वेळेत. ४२५ला विमानाच्या ताशी ८४० किलोमीटर वेगाने भागलं की अर्धा तास येतो; वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास दिसतो. कारण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीसाठी लागलेली रांग, चढण, उतरण सगळं त्यात आलं. गोव्याहून दिल्ली दीड हजार किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीन पट, पण वेळ जेमतेम दुप्पट. माझा ठोकताळा असा: भागाकार करा आणि वर पाऊण तास धरा.

दुबईचं गणित वेगळं. समजा, विमान गोव्याहून १०ला सुटून दुबईला ११.५०ला उतरतं. प्रवास एक तास पन्नास मिनिटांचा नव्हे. तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणून तीन तास वीस मिनिटांचा. येताना दीड तास वजा करायचा. हिवाळ्यात वरच्या थरातला पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने येताना वेळही थोडा कमी लागतो.

चवथीला येणाऱ्यांना आणायला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिकिटावरची उतरण्याची वेळ आधीच भारतीय असते. तिच्यात पुन्हा दीड तास मिळवून गाडी काढली, तर माणूस बॅगांसकट बाहेर ताटकळतो. रात्री अकराला दुबई सोडणारं विमान इथे पहाटे पोहोचतं, म्हणजे तारीखही बदलते.

लंडनला तर फरकच बदलता. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास, एरवी साडेपाच. जाणं ऑक्टोबरात आणि येणं नोव्हेंबरात असेल, तर दोन्ही हिशेब वेगवेगळे करा.