पावसाळ्यात मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेने घाट बघत कसं जावं

कळंबोली ते किवळे, ९४.५ किलोमीटर. बहुतेकांना हा रस्ता लवकरात लवकर संपवायचा असतो. पण जुलै-ऑगस्टमधली एक सकाळ मोकळी असेल तर हाच रस्ता चार-पाच तास घेऊन, थांबत थांबत पार करा. २००२ साली तो पूर्ण खुला झाला तेव्हा देशातला पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग म्हणून त्याचं कौतुक झालं. मला त्याचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणासाठी. हा रस्ता सह्याद्रीला आडवा छेदून जातो. पनवेलच्या भातखाचरांतून तुम्ही निघता, खोपोलीला कड्याच्या पायाशी येता, घाट चढून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर लोणावळ्याला पोचता आणि मग मावळातून हळूहळू कोरड्या बाजूला उतरता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पुण्यात जेमतेम साडेसातशे. पावसाची ही उतरती भाजणी एका सकाळीत गाडीच्या काचेतून बघायला मिळते.

आधी दिवस ठरवा

पहिल्या पावसात जाऊ नका. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरींनी भिजते आणि गाडी घसरायला लागते, शिवाय डोंगर तेव्हा अजून तांबूसच असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर धबधबे भरात असतात. गर्दी आणि धुकं दोन्ही नको असेल तर सप्टेंबर धरा. पाणी थोडं कमी होतं, पण दरडींवर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा फुललेला असतो.

वार निवडताना मंगळवार ते गुरुवार बघा. शनिवारी सकाळी अख्खी मुंबई लोणावळ्याला निघते आणि खालापूरच्या पुढे घाटात गाड्यांची रांग लागते. रविवारी संध्याकाळी तीच रांग उलट दिशेने. मधल्या वारी सकाळी सहाच्या आत कळंबोली सोडलीत तर घाट साधारण मोकळा मिळतो. आणखी एक: दरडीच्या किंवा फलकांच्या कामासाठी कधीकधी दुपारी तास-दोन तास वाहतूक थांबवतात. ती सूचना आदल्या दिवशी बातम्यांत येते, ती पाहून निघा.

हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाटभागासाठी वेगळा इशारा देतं. तो आणि रायगडचा, दोन्ही बघा. लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकला, त्यात तडजोड नको. सह्याद्रीचा हा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला आहे. थरांमधल्या भेगांत आणि मधल्या मऊ मातीत पाणी मुरतं, आणि मुसळधार पाऊस सलग पडला की वरचा भाग सुटतो. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ अशीच दरड चालत्या गाड्यांवर आली आणि माणसं गेली. त्यानंतर घाटातल्या दरडींवर लोखंडी जाळ्या ठोकल्या गेल्या. तरीही जुलै २०२३ मध्ये तिथेच पुन्हा दरड आली.

गाडी आदल्या दिवशी तपासा

टायरपासून सुरुवात करा. खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसात एवढ्यावर भागत नाही. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर साचलेलं पाणी नीट बाजूला सारू शकत नाही, वेगात गाडी पाण्यावर तरंगू शकते आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. स्टेपनीतही भरा.

वायपरबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण मला त्याचा धडा मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी बाबांची गाडी घेऊन निघालो होतो. वायपर घरच्या अंगणात ठीक चालला, म्हणून रबर बदललं नाही. आडोशीच्या वळणावर जोराची सर आली आणि चालकाच्या बाजूचं रबर पात्यातून निसटून दोरीसारखं लोंबायला लागलं. उघडं पातं काचेवर करकरत फिरत होतं, समोर पुढच्या ट्रकचे लाल दिवे पसरट दिसत होते, आणि गाडी बाजूला घ्यायला सुरक्षित जागा नव्हती. पुढची वीस मिनिटं मी बाजूच्या काचेतून पांढऱ्या पट्टीकडे बघत गाडी हाकली. तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी रबरं टाकतो. तुम्हीही टाका. काच आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, वायपरच्या टाकीतही दोन थेंब शाम्पू घाला. काचेवर तेलकट थर राहिला की समोरून प्रकाश पडल्यावर काहीच दिसत नाही.

बाकीचं पटकन: पुढचे-मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, कूलंट, फास्टॅगमधली शिल्लक, टाकी निम्म्याच्या वर. टोल खालापूरला आणि तळेगावजवळ उर्से इथे आहे. १ एप्रिल २०२३ पासून कारला एका फेरीचे ३२० रुपये झाले, निघण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. दुचाकी आणि रिक्षांना या रस्त्यावर बंदी आहे, तेव्हा बाइकवाल्या मित्राला सोबत बोलावू नका, त्याला जुन्या रस्त्याने यावं लागेल.

कोण कुठे बसणार ते घरीच ठरवा

हे कोणी सांगत नाही. पुण्याकडे जाताना घाटापर्यंतचे मोठे डोंगर डावीकडे येतात: माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड, घाटात राजमाची. वर गेल्यावर लोहगड आणि विसापूर उजवीकडे येतात. आजी-आजोबा किंवा पहिल्यांदा येणारं पोर असेल तर त्यांना मागे डाव्या खिडकीशी बसवा आणि लोणावळ्याच्या थांब्यावर जागा बदला. आणि जो गाडी चालवतो त्याने रस्ता बघायचा. धबधबा दिसला की मान वळवायची नाही. आमच्या घरात जाताना एक जण चालवतो, येताना दुसरा, म्हणजे दोघांनाही डोंगर मिळतो.

कळंबोली ते खालापूर: सपाटीवर

सपाटीवर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, पण पावसात सत्तर-ऐंशीच्या वर जायची गरज नाही. मधली लेन धरा. उजवी लेन ओव्हरटेकपुरती. पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजायला सोपी युक्ती: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात सावकाश ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणायला लागा. कोरड्या रस्त्यावर ते एकदा पूर्ण व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचता कामा नये. पावसात दोनदा म्हणा.

पनवेल सोडताना उजवीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. डावीकडे प्रबळगडाची लांबलचक माची आणि तिला लागून कलावंतीणचं टोक. मग भाताणचा बोगदा. बोगद्यात शिरण्यापूर्वी हेडलाइट लावा, आत लेन बदलू नका, आणि बाहेर पडताना तयारीत राहा, कारण पलीकडे धो धो पाऊस असू शकतो.

भाताणनंतर, माडपच्या बोगद्याआधी, डावीकडे इर्शाळगड दिसतो. माथ्यावर निमुळतं टोक आहे, लगेच ओळखू येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगराची दरड इर्शाळवाडीवर आली आणि वाडीतली अनेक घरं गाडली गेली. मी इथून जातो तेव्हा गाडीतलं गाणं बंद करतो. डोंगर तेव्हाही असाच हिरवागार होता.

खालापूरचा टोल झाला की फूड मॉलला थांबा. पुढे घाट संपेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून चहा, वडापाव, स्वच्छतागृह सगळं इथेच उरका. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र वडा परतीच्या वाटेवर खावा. इथून समोर घाटाची भिंत दिसते. ढग वर असतील तर काळ्या कड्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा मोजता येतात. कातळ थरांचा असल्यामुळे धबधबे एका उडीत न येता पायऱ्या-पायऱ्यांनी येतात, हे इथून स्पष्ट कळतं.

निघताना फलक नीट वाचा. खोपोलीहून कुसगावला नेणारा १३.३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ हा रस्ता घाट टाळण्यासाठीच आखलेला आहे आणि त्याचा बराचसा भाग बोगद्यांत आहे. घाई असणाऱ्याला तो योग्य. आपल्याला घाटाचा रस्ता हवा.

घाट चढताना

इथली वेगमर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी आहे. फलकावर लिहिलेली पाळा, कॅमेरे लागलेले आहेत. ट्रक डावीकडून गोगलगायीच्या गतीने चढत असतात आणि त्यातला एखादा अचानक मधल्या लेनमध्ये येतो. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं धरून चाला. गियर वेळेवर खाली घ्या. इंजिन घरघरायला लागेपर्यंत चौथ्यात रेटू नका. रांगेत अडकलात आणि तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा.

रस्त्यावर झाडाच्या हिरव्या फांद्या पडलेल्या दिसल्या तर त्या वाऱ्याने पडल्या असं समजू नका. पुढे ट्रक बंद पडला आहे आणि क्लीनरने मागच्यांना कळावं म्हणून फांद्या तोडून ठेवल्या आहेत. फांदी दिसली की लगेच वेग कमी, इंडिकेटर, आणि सावकाश लेन बदल.

धुकं आलं तर डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर या. अप्परचा, म्हणजे वरच्या झोताचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही थांबला आहात, आणि तुम्ही कुठे वळणार तेही त्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. रुमालाने पुसत बसू नका.

या टप्प्यात उजवीकडे नागफणीचा कडा ढगांत शिरलेला असतो आणि डावीकडे दरीपलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. ढग फाटतात ते दोन-चार सेकंद, म्हणून मागच्यांना आधीच सांगून ठेवा, डावीकडे बघत राहा. पूर्वी इथे रस्त्यावर अमृतांजन पूल आडवा असायचा. १८३० चा तो दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. आम्हा नेहमीच्या प्रवाशांना तो घाट संपत आल्याची खूण होता. शिंग्रोबाचं देऊळ मात्र जुन्या घाटात अजून आहे. इंग्रजांना ही वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे, आणि ट्रकवाले तिथून जाताना आजही नाणं टाकतात.

कितीही सुंदर दिसलं तरी घाटात गाडी कडेला लावू नका. ती पट्टी बंद पडलेल्या गाड्यांसाठी आणि रुग्णवाहिकेसाठी आहे. फोटोसाठी उतरलेल्या माणसाला मागून येणारा ट्रक धुक्यात बघू शकत नाही. गाडी खरोखरच बंद पडली तर माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा, गाडीत बसवून ठेवू नका, आणि ११२ ला फोन करा.

थांबून बघायचं ते लोणावळ्यात

घाट संपल्यावर एक्स्प्रेसवे सोडून गावात या आणि राजमाची पॉइंटला जा. शेजारीच वाघजाईचं देऊळ आहे. रेलिंगपाशी मक्याचं कणीस हातात घेऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. खालून ढग वर चढतात, अंगावरून जातात, आणि मध्येच आपण चढून आलो तो घाटरस्ता दोरीसारखा खाली दिसतो. मुलांना खरी गंमत इथे येते, गाडीच्या खिडकीतून नाही. भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यांत उतरू नका. ३० जून २०२४ ला तिथे एकाच कुटुंबातले पाच जण पाण्याच्या लोंढ्यात गेले. डोंगरात वर पाऊस झाला की खालचं पाणी काही मिनिटांत वाढतं.

पुन्हा एक्स्प्रेसवेला लागलात की उजवीकडे लोहगड-विसापूर, त्यांच्या पोटाशी भाजे लेणी. कामशेतचे बोगदे ओलांडेपर्यंत काचेवरचा पाऊस बहुतेक वेळा विरळ होतो. उर्से येईपर्यंत डोंगर लहान होतात, हिरवा रंग फिका पडतो. या टप्प्यावर रस्ता सरळ आहे आणि झोप लागते. चालक बदलायचा असेल तर इथे येण्याआधी बदला.

घाट उतरताना

परतीला दरी समोर उघडते, म्हणून हाच प्रवास जास्त देखणा, आणि गाडीसाठी जास्त अवघडही. उतार सुरू होण्याआधीच गियर खाली घ्या. ज्या गियरमध्ये चढला असतात त्याच गियरमध्ये उतरा, साधारण तिसऱ्यात. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’ वर घ्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं. ब्रेक तापले की पॅडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. एकदा नीट दाबून वेग उतरवा, सोडा, इंजिनला धरू द्या. जळक्या रबरासारखा वास आला आणि तो पुढच्या ट्रकचा असेल तर त्याला लांब जाऊ द्या. आपल्याच गाडीचा असेल तर गियर आणखी खाली घ्या, डावीकडे राहा आणि हळू उतरा.

खाली खालापूरजवळच्या थांब्यावर गाडी पंधरा मिनिटं उभी करा. गरम चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. सकाळी राहिलेला वडापाव आता खा.