मेलबर्नमध्ये कुत्रा पाळलाय आणि हील्सव्हिलला जायचंय?

मेलबर्नला येऊन वर्ष-दोन वर्षं झाली की बऱ्याच मराठी घरांत कुत्रा येतो. मुलं मागे लागलेली असतात, घरामागे अंगण असतं, आणि परक्या देशात घर जरा भरल्यासारखं वाटतं. मग पहिल्या मोठ्या सुट्टीत बेत ठरतो: कांगारू, कोआला बघायला जाऊ, आणि त्यालाही घेऊन जाऊ.

आमचाही असाच हील्सव्हिल सँक्च्युअरी या प्राणिसंग्रहालयाला जायचा बेत ठरला होता. भारतातून आई-बाबा आले होते, डबे भरले होते, मोत्या मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसला होता. फाटकाशी गेल्यावर कळलं की कुत्र्याला आत नेता येत नाही. नियम आधी वाचला नव्हता, चूक सर्वस्वी आमची. दिवसभर आम्ही दोघं पाळीपाळीने बाहेर झाडाखाली मोत्याला घेऊन बसलो. मुलांना आम्ही दोघंही बरोबर हवे होतो. ते राहिलंच. नव्याने आलेल्या कुणावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

हील्सव्हिल सँक्च्युअरी शहरापासून गाडीने तासाभरावर आहे. 1934 साली ती लोकांसाठी उघडली. इथे भर आहे तो ऑस्ट्रेलियातल्याच प्राण्यांवर. वाघ-सिंह बघायचे असतील तर ही जागा नव्हे. आत पाळीव कुत्रा चालत नाही. अंध किंवा दिव्यांग व्यक्तीच्या प्रशिक्षित मदतनीस कुत्र्याला परवानगी असते, पण काही भागांत त्यालाही नेता येत नाही, म्हणून आधी फोन करून विचारावं.

‘आमचा अगदी शांत आहे, कुणाला काही करत नाही’ असं आपण म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण कांगारूला आपला मोत्या ओळखीचा नाही. त्याच्या लेखी तो शिकारीच. पाठलाग झाला तर कांगारू नुसता दमत नाही. भीतीने आणि अतिश्रमाने त्याच्या स्नायूंची इतकी हानी होते की कुत्र्याचा दातही न लागता तो पुढे काही दिवसांनी मरू शकतो. पिशवीत पिल्लू असलेली मादी पळता पळता पिल्लू टाकून देते. शिवाय सँक्च्युअरीत जखमी वन्यप्राण्यांचं रुग्णालय आहे, आणि हेल्मेटेड हनीईटरसारख्या संपत आलेल्या पक्ष्यांची पैदासही तिथे करतात. हे माहीत झाल्यापासून मला ‘कुत्र्यांना मनाई’चा कधी राग आला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याला गाडीत ठेवून ‘पटकन एक चक्कर मारून येऊ’ हा विचारही करू नका. बाहेर 28 अंश किंवा त्याहून जास्त तापमान असताना प्राण्याला 10 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत एकटं ठेवणं व्हिक्टोरियात, म्हणजे आपल्या राज्यात, गुन्हा आहे. पण कायद्याचा आकडा गाठेपर्यंत थांबूच नका. त्याहून थंड दिवशीही उन्हातली गाडी आतून भट्टीसारखी तापते, आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

मग त्याचं करायचं काय? सगळ्यात बरं म्हणजे त्या दिवशी तो ओळखीच्या घरी. मराठी मंडळींत कुत्रा असलेलं दुसरं घर शोधून ठेवा. एकदा आम्ही तुमचा सांभाळू, एकदा तुम्ही आमचा. डॉगी डे-केअरही असतात, पण तिथे बहुधा लसीकरणाची कागदपत्रं मागतात आणि आधी ओळखीची भेट ठरवावी लागते, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून काम होईलच असं नाही.

तरीही त्याला न्यायचंच असेल तर दोन कुटुंबांनी मिळून जा. सकाळी एक कुटुंब सँक्च्युअरीत, दुसरं कुत्र्याबरोबर रेल ट्रेलवर, आणि दुपारी अदलाबदल. हील्सव्हिलहून डॉन रोडने लाँचिंग प्लेसला उतरलं की लिलीडेल ते वॉरबर्टन हा 40 किलोमीटरचा ट्रेल लागतो. पूर्वी तिथून आगगाडी जायची, 1965 साली मार्ग बंद पडला, आता लोक चालतात नि सायकली चालवतात. पट्टा लावलेला कुत्रा तिथे चालतो. जवळच्या यारा रेंजेस नॅशनल पार्कमध्ये मात्र चालत नाही, क्षणभर गाडीतून खाली उतरवणंसुद्धा नाही. हिरवळ दिसली की थांबलो, असं इथे करता येत नाही. पाटी वाचायची.

उन्हाळ्यात ट्रेलवरही पट्टा आखूड धरा. टायगर स्नेक आणि ईस्टर्न ब्राउन हे दोन्ही विषारी साप या भागात आहेत. चावल्याची शंका जरी आली तरी कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि थेट व्हेटकडे न्या. बरं वाटेल म्हणून घरी थांबण्यात वेळ जातो आणि जीवही. रानाकडेला 1080 विषाच्या आमिषाची पाटी दिसली तर मागे फिरा. ते कोल्ह्यांसाठी ठेवलेलं असतं, पण कुत्र्यालाही मारतं, आणि त्यावर उतारा नाही.

बाहेर पडण्याआधी नोंदणीचं बघून घ्या. तीन महिन्यांवरच्या कुत्र्याला मायक्रोचिप आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोंदणी सक्तीची आहे, आणि ती दरवर्षी 10 एप्रिलपर्यंत नव्याने करावी लागते. घर बदललं की चिपवरचा पत्ता आणि फोनही बदला. आपण भाड्याची घरं बदलत असतो आणि हे हमखास राहून जातं.

आत गेल्यावर प्लॅटिपस चुकवू नका. बंदिवासात प्लॅटिपसचं पिल्लू पहिल्यांदा जन्मलं ते इथेच, प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांच्या देखरेखीखाली, 1943 साली. अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबा, मुलांना गप्प बसवा, मग तो पाण्यात सुळकन जाताना दिसतो. आणि डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा, बघा. आमच्या बाबांनी त्याला पाहिल्याबरोबर म्हटलं, ‘अरे, हा तर आपल्या गावाकडचा कुत्रा!’ तसाच तांबूस, तशीच उभी कानं. किमान साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो या भूमीवर आला आणि इथलाच झाला. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

कुठल्याही प्राण्याला डब्यातली पोळी किंवा पाव घालू नका. आपल्याकडे ते पुण्य असतं, कांगारूला त्याने आजार होतो.

परतताना अंधार पडायच्या आत निघा. संध्याकाळी कांगारू आणि वोम्बॅट रस्त्यावर येतात. कुत्रा गाडीत असेल तर त्याला हार्नेस घालून सीटबेल्टला अडकवा, जोरात ब्रेक लागला तर तो पुढे फेकला जातो. एखादा कांगारू गाडीखाली आलाच तर गाडी सुरक्षित बाजूला घ्या, कुत्र्याला आतच ठेवा आणि वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या वन्यप्राण्यांना मदत करणाऱ्या संस्थेला फोन लावा. आई मेली असली तरी पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, हे त्यांना आठवणीने सांगा.