डाळिंबाच्या पानातून डीएनए काढताना
पान कोवळं, तांबूसच घ्या. सोलापुरात डाळिंबाला तोटा नाही. केगावला तर राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. मी पहिल्यांदा जून पान घेतलं आणि नळीत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गोळा आला. पानातली फिनॉल द्रव्यं हवा लागली की काळवंडतात नि डीएनएला चिकटतात. म्हणून सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं द्रावण) पीव्हीपी, म्हणजे फिनॉल धरून ठेवणारी पूड, हवीच. वाटलेलं पान या बफरमध्ये ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म (फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून), मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र.

खरी परीक्षा डीएनए असलेला वरचा थर पिपेटनं (द्रव मोजून उचलायचं साधन) उचलताना. पिपेटचं बटण आधी पहिल्या टप्प्यापर्यंत दाबा, मगच टोक बुडवा, अंगठा हळू सोडा. मधला पांढरा पापुद्रा हलला की थांबा. थोडा थर मागे राहू द्या, लोभ नको. हात बसेपर्यंत साध्या पाण्यावर सराव करा: १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर ०.१ ग्रॅम भरायला हवं. माझं आठवडाभर भरत नव्हतं!

उचललेल्या थरात आयसोप्रोपेनॉल (डीएनए द्रावणातून बाहेर आणणारं अल्कोहोल) फ्रीझरमधलंच घाला. मे महिन्यात तर बाटली टेबलावर ठेवूच नका. नळी अलगद उलटसुलट करा, झटकलीत तर डीएनए तुटतो. चादरीच्या सुताची सुटी तार तरंगावी तसं काही दिसलं, की तोच तो.