कोरियातल्या नवख्या गोल्फपटूवर नजर कशी ठेवायची

मी सुवॉनला राहते. शेजारच्या योंगिनच्या डोंगरांत गोल्फची कितीतरी मैदानं आहेत आणि एप्रिल ते नोव्हेंबर तिथे किंवा आसपास मुलींची व्यावसायिक स्पर्धा असली, की मी सहसा तिथेच सापडते. पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, "एखादी नवी मुलगी पुढे जाणार हे तुला आधी कसं कळतं?" खात्रीने कुणालाच कळत नाही. पण बघायचं कुठे हे ठाऊक असलं तर पुष्कळ काही दिसतं, आणि ट्रॉफी ही त्यात सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे.

सुरुवात नावापासून करा, कारण इथेच लोक घसरतात. कोरियात एकाच नावाच्या अनेक मुली खेळतात, म्हणून इथली महिला व्यावसायिक गोल्फची संघटना, केएलपीजीए, सारख्या नावांपुढे नोंदणीच्या क्रमाने आकडा लावते. ली जोंग-उन या नावाची सहावी खेळाडू ती 'ली जोंग-उन ६'. आकडा न बघता नाव शोधलंत तर भलत्याच मुलीचे गुण वाचत बसाल. तिने तो आकडा अमेरिकेत गेल्यावरही सोडला नाही. पुढे मी तिचंच उदाहरण घेणार आहे, कारण सुरुवातीची वर्षं कशी वाचावीत हे तिच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसतं.

मग ती कुठल्या पायरीवर आहे ते बघा. टूर म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांची मालिका. सगळ्यात खाली जंप टूर, त्यावर ड्रीम टूर आणि वर मुख्य टूर. मुख्य टूरवर खेळण्याच्या हक्काला इथे सगळे 'सीड' म्हणतात. वर्षअखेरीस बक्षिसाच्या रकमेच्या यादीत पहिल्या ६० जणींत असलात तर पुढच्या वर्षाची सीड राहते. त्यामुळे पहिल्या वर्षी मुलीची खरी झुंज साठाव्या क्रमांकाशी असते. मी यादी उघडली की आधी साठावी ओळ गाठते आणि मग माझी खेळाडू तिच्या किती वर आहे ते बघते. सप्टेंबरात पंचेचाळीस-पन्नासाव्या क्रमांकावर असलेल्या नवख्या मुलीची प्रत्येक फेरी बघण्यासारखी असते.

आता सरासरी, म्हणजे एका फेरीला तिला किती फटके लागतात तो आकडा, जितका कमी तितका चांगला. मी सगळ्यात जास्त विश्वास यावर ठेवते. ली जोंग-उन ६ हिने २०१५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धांत सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी ती व्यावसायिक झाली आणि २०१६ मध्ये मुख्य टूरवर आली. त्या वर्षी एकही स्पर्धा जिंकली नाही, तरी सर्वोत्तम नवोदित ठरली ती तीच. फक्त विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. एप्रिल २०१७ मध्ये जेजू बेटावर पहिला विजय आला आणि वर्षभरात चार झाले. त्याच सप्टेंबरात जुनी नामवंत कोरियन खेळाडू पाक से-री हिच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेत तिने एका फेरीत ६० फटके मारले, पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, बारा कमी. केएलपीजीएत एका फेरीत एवढे कमी फटके तोवर कुणी नोंदवले नव्हते. मोसमाची सरासरी सत्तरच्या खाली आली.

सरासरीत अर्ध्या फटक्याची सुधारणा किरकोळ वाटते. पण चार फेऱ्यांत तेच दोन फटके होतात, आणि २ जून २०१९ ला चार्ल्स्टनला झालेली अमेरिकन महिला ओपन ली जोंग-उन ६ ने बरोबर दोन फटक्यांनी जिंकली.

मैदानावर जायची संधी मिळाली तर रविवारी अखेरच्या गटामागे धावू नका. शुक्रवारी सकाळी जा. गर्दी नसते, नवख्या मुली अगदी हाताच्या अंतरावरून जातात. ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेला थांबा आणि दुसरा पट, म्हणजे चेंडू घरंगळत खड्ड्यात घालायचा फटका, बघा, तो तीन-चार फुटांचा, पार वाचवणारा. फोनचा आवाज बंद ठेवा, ती चेंडूजवळ उभी राहिली की पाऊलही हलवू नका. गेल्या शरदात एका पहिल्याच वर्षाच्या मुलीचा चेंडू बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, उभ्या कडेला चिकटला होता. तिने ध्वजाकडे न मारता आडवा बाहेर काढला, बोगी घेतली, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. पुढच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, पाण्याचे दोन घोट, वहीत एक नोंद आणि मग नेहमीसारखेच दोन सरावाचे स्विंग, त्याच लयीत. तिचं नाव मी तिथेच लिहून घेतलं. बोगीनंतर जिचा वेग बदलत नाही तिच्याकडे मी वर्षभर लक्ष ठेवते.

घरचंही जाणून घ्या, पण चटकदार बातमी म्हणून नव्हे. ली चार वर्षांची असताना तिच्या वडिलांना ट्रकच्या अपघातात अपंगत्व आलं, ते व्हीलचेअरवर असतात. अमेरिकेला जायचं की नाही यावर ती अडली होती ती घरच्यांना सोडून कसं जायचं म्हणून. कोरियात मुलीच्या गोल्फसाठी अख्खं घर राबतं, तेव्हा अशा निर्णयाला 'महत्त्वाकांक्षा कमी' म्हणणं फार अन्यायाचं आहे.

अमेरिकेच्या टूरवर जायचे रस्ते वेगवेगळे आहेत, त्यावरून मुलीचा अंदाज येतो. किम ह्यो-जू २०१४ मध्ये १९ व्या वर्षी फ्रान्सला एव्हियाँ चँपियनशिप खेळायला गेली, पहिल्याच फेरीत ६१ मारले आणि स्पर्धा जिंकून सदस्यत्वही मिळवलं. को जिन-यंगनेही २०१७ मध्ये कोरियातच झालेली एलपीजीए, म्हणजे अमेरिकेच्या टूरची, स्पर्धा जिंकून दार उघडलं. ली जोंग-उन ६ मात्र पात्रता स्पर्धेतून गेली. २०१८ साली पाइनहर्स्टला आठ फेऱ्या, आणि त्यात पहिली. आठ फेऱ्यांचा निकाल हा मला एका झगमगत्या आठवड्यापेक्षा जास्त सांगतो. पुढच्याच वर्षी चार्ल्स्टनला शेवटच्या होलवर बोगी होऊनही ती पारपेक्षा सहा कमी राहिली. दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस त्या स्पर्धेत तेव्हा प्रथमच दिलं गेलं. वर्षअखेरीस अमेरिकेच्या टूरवरही सर्वोत्तम नवोदित ठरल्यावर तिने भाषण पाठ करून इंग्रजीत केलं.

नोव्हेंबरात मोसम संपला की शेवटची यादी जपून ठेवा. तुमची खेळाडू साठाव्याच्या खाली गेली असेल तर पुढच्या वर्षाची सीड ठरवणाऱ्या स्पर्धेचा निकाल बघा. ही स्पर्धा अनेक वर्षं दक्षिणेतल्या मुआनला होत आली आहे आणि थंडी-वाऱ्यात होते. तिथेही नाव वर दिसलं नाही तर तिला सोडून देऊ नका. वसंतात ड्रीम टूरची यादी उघडा आणि तिचा आकडा लक्षात ठेवून नाव शोधा, कारण तिथल्या वरच्या मुली वर्षअखेरीस पुन्हा मुख्य टूरवर येतात.