प्री-कॉलेज प्रोग्रामला जाताय? चादर आधी बघा

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्या उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलांना डॉर्ममध्ये ठेवून कोर्स शिकवतात, त्याला जाणार असाल तर आधी एक लक्षात घ्या, फी भरून तिथे राहिलात म्हणून पुढे तिथेच अ‍ॅडमिशन मिळते असं अजिबात नाही. पैशांचा प्रश्न असेल तर एमआयटीमध्ये होणारा आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, विज्ञान-संशोधनाचा समर प्रोग्राम) किंवा टेल्युराइड असोसिएशन या संस्थेचा टास (हायस्कूलच्या मुलांसाठीचा समर सेमिनार) बघा, शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट, फक्त निवड फार कडक आहे. कोर्स क्रेडिटचा (म्हणजे कॉलेजच्या अभ्यासात मोजला जाणारा) असेल तर ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर येते, त्यामुळे नुसतं कॅम्पस लाइफ बघायचं असेल तर मी तरी नॉन-क्रेडिटच घेईन.

आता सामान. डॉर्मचे बेड बहुतेक ठिकाणी ट्विन एक्सएल म्हणजे एकट्यासाठीचे पण ८० इंच लांब असतात, साध्या ट्विनची (म्हणजे सिंगल बेडची) ७५ इंची फिटेड चादर घातली की रात्री कोपरा सटकून तोंडावर येतो. कॉमन बाथरूमसाठी रबरी चपला आणि साबण-शाम्पूची एक छोटी बास्केट लागेलच. कपडे स्वतः धुवायचेत, मशीन कसं लावायचं ते घरीच एकदा करून बघा (आईसमोर, म्हणजे पांढरे शर्ट गुलाबी व्हायचे वाचतील). आणि पहिल्याच रात्री रूममेटशी लाइट कधी बंद करायचा ते बोलून घ्या, नंतर फार ऑकवर्ड होतं.