‘इज पॅक्ड’ लिहिण्याआधी मराठीत बोलून बघा

नाशिकमध्ये दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी कागदपत्रं आणि परदेशी खरेदीदारांचे मेल सांभाळते. हंगामात दरवर्षी एक-दोन नवी मुलं हाताखाली येतात. इंग्रजीत कर्तरीचं कर्मणी झटक्यात करतात, पण एका ठिकाणी अडतात: कर्मणी वाक्य क्रिया सांगतंय की झालेली स्थिती, हे कळत नाही. मीही तिथेच अडले होते.

पहिल्या वर्षी मी मेल केला, ‘द कंटेनर इज लोडेड’. मला म्हणायचं होतं, माल भरला जातोय. निम्म्या पेट्या अजून प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी थंड करायच्या, खोलीत होत्या. पलीकडच्या माणसाने वाचलं, भरून झालाय, आणि लगेच सीलचा नंबर मागितला. नंबर आणणार कुठून? सील लागतं ते दार बंद झाल्यावर. त्या दिवशीची सगळी दुपार फोनवर खुलासे करण्यात गेली.

म्हणून मी आता असं शिकवते. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी तेच मराठीत मोठ्याने म्हणा. तोंडून ‘-लेला’, ‘-लेल्या’ आलं, म्हणजे ‘पेट्या भरलेल्या आहेत’, तर ती स्थिती. लिहा ‘द बॉक्सेस आर पॅक्ड’. ‘भरल्या जातायत’ आलं तर ती क्रिया, आत्ता चाललेली. मग ‘बीइंग’ हवंच: ‘द बॉक्सेस आर बीइंग पॅक्ड’. आपल्याकडे क्रियापदाच्या रूपातच फरक कळतो. इंग्रजीत एकट्या ‘आर पॅक्ड’ला दोन्ही कामं करावी लागतात. ‘द बॉक्सेस आर पॅक्ड एव्हरी मॉर्निंग’ म्हटलं की तेच शब्द रोजची क्रिया सांगतात. ‘एव्हरी मॉर्निंग’ काढा, वाक्य स्थितीकडे झुकतं.

‘बाय’ आणि ‘विथ’कडेही लक्ष ठेवा. अवकाळीच्या धास्तीने बाग झाकलेली असते, तेव्हा ‘द व्हाइनयार्ड इज कव्हर्ड विथ प्लास्टिक’. ही स्थिती. ‘वॉज कव्हर्ड बाय द वर्कर्स ऑन मंडे’ म्हटलं की माणसं आली, वार आला, क्रिया घडली.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘द गेट वॉज क्लोज्ड ॲट सिक्स’. सहाला लावलं, की सहा वाजता ते लावलेलंच होतं? दोन्ही अर्थ निघतात. गाडी माल न घेता परत गेली असेल, तर भाडं कुणी भरायचं ते या एका वाक्यावर ठरू शकतं. स्थिती सांगायची तर ‘वॉज ऑलरेडी क्लोज्ड’ लिहा. क्रिया सांगायची तर कर्मणीच्या नादी लागू नका, कर्ता पुढे आणा: ‘द वॉचमन क्लोज्ड द गेट ॲट सिक्स’.

‘क्लोज्ड’ची जोडी म्हणून ‘ओपन्ड’ मात्र लिहू नका. परवा एका मुलाने ‘द कोल्ड रूम इज ओपन्ड’ असं लिहून पाठवलं. दार उघडं राहिलंय, एवढंच त्याला सांगायचं होतं. तिथे ‘इज ओपन’. ‘ओपन्ड’ आलं की कुणीतरी उघडलं असा अर्थ होतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो, कुणी?